कडवंचीचे पाणी आणि आपली जबाबदारी

मृगाचा पाऊस वेळेवर पडेल, श्रावणात सरी येतील आणि परतीच्या पावसावर रब्बी पेरता येईल, ह्या भरवशावर मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी आपले जीवन उभे केले. हा भरवसा आता डळमळला आहे. जालना जिल्ह्याचेच उदाहरण घेतले, तर २०१२-१३ साली येथे पडलेल्या दुष्काळाची गणना १९७२ नंतरच्या सर्वांत भीषण दुष्काळांत झाली. मोसंबीच्या कित्येक बागा त्यावर्षी वाळून गेल्या. त्यानंतर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत गारपिटीने हातातोंडाशी आलेले पीक झोपविले. २०१५-१६ व २०१८-१९ ही पुन्हा टंचाईची वर्षे ठरली, आणि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली घातली. एकाच भूमीला कधी पाण्याचा थेंब मिळत नाही, तर कधी पाणी आवरत नाही, अशी ही अवस्था आहे.

ह्या संकटावर तंत्रज्ञान उपाय शोधील, असे आपण सारेच ऐकत असतो. ते खोटे नाही. परंतु कोणते तंत्रज्ञान, कोणाच्या हाती आणि कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्या उत्तराला अर्थ येत नाही. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आणि त्याच जिल्ह्यात ठिकठिकाणी दिसणारी शेततळी आपल्याला पुरेसे काही शिकवितात. विशेष म्हणजे, कडवंचीच्या कथेचा एक धागा आपल्या ख्रिस्तसभेच्या एका धर्मगुरूपर्यंत जाऊन पोहोचतो.

पाऊस का बदलला?

कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्यामुळे आणि जंगले तोडल्यामुळे वातावरणात कर्बवायूचे प्रमाण वाढले आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत २०११ ते २०२० ह्या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. २०२४ हे वर्ष तर मोजमापे सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या एका वर्षाची वाढ सुमारे दीड अंश असल्याचे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले.

एक-दीड अंशाने असा काय फरक पडणार, असे कोणाला वाटेल. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा जमिनीतील ओल अधिक वेगाने शोषून घेते, म्हणून पावसात खंड पडला की पिके लवकर माना टाकतात. हीच हवा जेव्हा बाष्प सोडते, तेव्हा ते थोड्या वेळात भरभरून कोसळते. पूर्वी आठ-दहा दिवसांत रिमझिम पडणारा पाऊस आता एखाद्या रात्रीत पडून जातो. वर्षाअखेरीस सरासरीचा आकडा कदाचित पूर्ण झालेला दिसतो, पण शेतातील माती वाहून गेलेली असते आणि विहीर मात्र भरलेली नसते. म्हणूनच यापुढे किती पाऊस पडला ह्यापेक्षा पडलेला पाऊस आपण किती अडविला व किती मुरविला, ह्याला अधिक महत्त्व आहे.

काळ्या दगडाचा हिशेब

मराठवाड्याची भूमी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेली आहे. हा खडक स्पंजासारखा सच्छिद्र नाही. त्याचा वरचा झिजलेला, मुरमाड थर आणि त्यातील भेगा एवढ्याच ठिकाणी पाणी साठते. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत जसे विपुल भूजल मिळते, तसे येथे मिळत नाही. आपल्या पायाखालची टाकी लहान आहे आणि ती दरवर्षीच्या पावसानेच भरावी लागते.

ही टाकी एका मालकाची नसते. सात-बाऱ्यावर जमिनीच्या सीमा असतात, पण खडकातील भेगा त्या सीमा मानीत नाहीत. एका शेतात खोल बोअर घेतला, की शेजारच्या उथळ विहिरीची पातळी उतरते. मग शेजारी आणखी खोल जातो. ही स्पर्धा सुरू झाली, की शेवटी कोणाच्याच हाती काही लागत नाही, आणि सर्वांत आधी कोरडा पडतो तो गावाचा सार्वजनिक हातपंप, ज्यावर भूमिहीन कुटुंबांचे पाणी अवलंबून असते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ह्या कायद्यात खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. तथापि गावाने मनावर घेतल्याशिवाय असा कायदा कागदावरून शिवारात उतरत नाही.

फादर बाखर ह्यांचा वारसा

स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेले हर्मन बाखर हे येशूसंघीय १९४८ साली भारतात आले. पुढे धर्मगुरू म्हणून त्यांनी आपल्या आयुष्याची कित्येक दशके तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये व्यतीत केली. लोक त्यांना प्रेमाने 'बाखरबाबा' म्हणत. आरंभी विहिरी खोदणे, मोटारी व पाइपलाइनसाठी शेतकऱ्यांना साहाय्य मिळवून देणे अशी कामे झाली. पण डोंगर उघडाबोडका राहिला तर नवी विहीरही काही वर्षांत आटते, हे अनुभवाने स्पष्ट होत गेले. पाणी जेथे पडते तेथून, म्हणजे डोंगरमाथ्यापासून काम सुरू केले पाहिजे, ही दिशा त्यातून निश्चित झाली.

फादर बाखर ह्यांच्या पुढाकाराने जर्मन शासनाच्या अर्थसाहाय्याने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. नाबार्ड ही राष्ट्रीय बँक त्यात सहभागी झाली. गावांना व स्थानिक संस्थांना ह्या कामासाठी तयार करण्याकरिता १९९३ साली फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो ह्यांच्या प्रयत्नांतून 'वॉटर' ह्या नावाने ओळखली जाणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. फादर बाखर २०२१ साली प्रभूच्या भेटीस गेले. धर्म, जात किंवा पंथ न विचारता त्यांनी ज्या शेकडो गावांसाठी कष्ट घेतले, त्यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट त्यांच्या सेवेचा खरा अर्थ सांगते.

ह्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य त्याच्या अटींत होते. गावाला पैसा मिळण्याआधी गावाने आपली तयारी दाखवावी लागे. ग्रामसभेने एकमुखाने ठराव करावा, झाडे तोडण्यावर व मोकाट चराईवर बंदी घालावी, ग्राम पाणलोट समिती निवडावी आणि कामाच्या मजुरीचा काही भाग श्रमदानाने उचलावा, अशा त्या अटी होत्या. भूमिहीन कुटुंबे आणि एकट्या पालकाच्या आधारे चालणारी गरीब कुटुंबे ह्यांना श्रमदानाच्या अटीतून वगळण्यात आले होते. पाणी अडविण्याचा पहिला लाभ जमीनधारकाला होतो, तेव्हा त्याचा भार भूमिहीनावर पडू नये, एवढा साधा न्याय त्यामागे होता.

कडवंचीने काय केले?

ह्याच कार्यक्रमाखाली १९९६ साली कडवंची पाणलोटाचे काम सुरू झाले. विजयअण्णा बोराडे ह्यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ह्या संस्थेने व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने गावाला मार्गदर्शन केले. पाणलोटाचे क्षेत्र १,८८८ हेक्टर होते. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला, की १० हजार लिटर पाणी होते. म्हणजे कडवंचीच्या शिवारावर पडणारा प्रत्येक मिलिमीटर पाऊस १ कोटी ८८ लाख ८० हजार लिटर पाणी घेऊन येतो. दुष्काळी वर्षात ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी हा आकडा ५६६ कोटी लिटरांवर जातो. पाणी पडत नव्हते असे नाही. ते थांबत नव्हते.

हे पाणी थांबविण्यासाठी 'माथा ते पायथा' ह्या क्रमाने काम झाले. डोंगरउतारावर समपातळीत सलग चर खोदण्यात आले, जेणेकरून धावणारे पाणी जागोजागी थबकावे. त्याखालच्या शेतांत बांधबंदिस्ती झाली. ओघळींत व नाल्यांत दगडी आणि मातीचे बांध घातले गेले. ह्या क्रमाला कारण आहे. वरचा उतार तसाच सोडून खाली मोठा बंधारा बांधला, तर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो. डोंगर सांभाळला की बंधारा आपोआप सांभाळला जातो.

अशा कामात लागणारी अवजारे पाहिली, तर आश्चर्य वाटते. समपातळीची रेषा आखण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा तीन लाकडी पट्ट्या जोडून केलेली ए आकाराची चौकट व तिला लोंबणारा ओळंबा एवढे पुरते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीवर राहते, हे निसर्गाचे साधे तत्त्व. शाळेत फारसे न गेलेला मनुष्यही तासाभरात हे वापरायला शिकतो. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो. पण विज्ञानाचे तत्त्व सामान्य माणसाच्या हाताला आणि बुद्धीला वापरता येईल अशा रूपात आणणे, हीसुद्धा तंत्रज्ञानाची एक श्रेष्ठ पायरी होय.

ह्या कार्यक्रमातील आणखी एक पद्धत येथे सांगितली पाहिजे. आराखडा कार्यालयात बसून तयार करीत नसत. तंत्रज्ञ प्रत्येक शेतात जाऊन, शेतकरी पतिपत्नींना बरोबर घेऊन, उतार कसा आहे, माती किती खोल आहे, पाणी कोठून येते व कोठे जाते ह्याची पाहणी करीत आणि त्या शेताला कोणते काम योग्य हे त्यांच्याशी बोलून ठरवीत. पाणी कोठून कोसळते हे शेतात निंदणाऱ्या स्त्रीला तंत्रज्ञाहून अधिक ठाऊक असते. तिचे ज्ञान नकाशावर आले, हे ह्या पद्धतीचे यश होय.

जमिनीत ओल टिकू लागली, विहिरींची पातळी वर आली, तसे कडवंचीकर द्राक्षाकडे वळले. ठिबक सिंचन आले. पुढे शेतकऱ्यांनी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेकडो शेततळी उभारली. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागा वाळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा टिकून राहिल्या, तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक हे गाव पाहण्यास येऊ लागले.

तेच शेततळे, दुसरा परिणाम

कडवंचीला भेट देणाऱ्यांच्या डोळ्यांत सर्वप्रथम भरली ती शेततळी. डोंगरावरील चर गवताने झाकलेले असतात, ग्रामसभेचा ठराव दप्तरात असतो, श्रमदानाच्या खुणा उरत नाहीत. निळ्या-काळ्या अस्तरात चमकणारे पाणी मात्र लगेच दिसते. त्यामुळे शेततळे म्हणजेच कडवंचीचे यश, अशी समजूत पसरली. शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली आणि महाराष्ट्रभर शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

शेततळ्याची मूळ कल्पना अशी, की पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी त्यात साठवावे आणि पावसात खंड पडला की पिकाला एक-दोन पाणी देऊन ते जगवावे. पण अनेक ठिकाणी वेगळेच घडले. शेततळ्याला अस्तर घालण्यात आले आणि विहिरीतून वा बोअरमधून पाणी उपसून ते भरण्यात आले. वॉटर संस्थेच्याच एका संशोधकाने २०१७ साली ह्या प्रकाराकडे अभ्यासपूर्वक लक्ष वेधले होते. जे पाणी जमिनीखाली सर्वांचे होते, ते वर आणून एकाच्या कुंपणात ठेवले गेले.

ह्यात दुहेरी हानी आहे. पहिली हानी बाष्पीभवनाची. जमिनीखालचे पाणी उन्हापासून सुरक्षित असते. ते ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा उघड्या तळ्यात आणून ठेवले, आणि उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी जरी उडाले, तरी रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. एका कुटुंबाला कित्येक दिवस पुरणारे हे पाणी आहे. दुसरी हानी न्यायाची. ज्याच्याजवळ भांडवल आहे तो मोठे तळे करतो, शक्तिशाली मोटार लावतो आणि डिसेंबरातच आपला साठा पूर्ण करून घेतो. ज्याच्याजवळ केवळ उथळ विहीर आहे, त्याची विहीर फेब्रुवारीत आटते. ज्याच्याजवळ जमीनच नाही, त्याच्या घरातील मुलीला हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते.

खोदकाम तेच, अस्तर तेच, मोटारही तीच. एका ठिकाणी शेततळ्याआधी गावाने डोंगर सांभाळला, पाणी मुरविले आणि काही बंधने स्वतःवर घालून घेतली. दुसऱ्या ठिकाणी बंधने वगळून केवळ साधन उचलले गेले. तंत्रज्ञान सामाईक निर्णयाच्या चौकटीत असेल तर ते तारक ठरते. त्या चौकटीबाहेर तेच साधन बलवानाला अधिक बलवान करते. कडवंचीसारख्या गावांनाही हा इशारा लागू आहे. बागांचे क्षेत्र वाढत गेले आणि उपशाला मर्यादा राहिली नाही, तर कालचे यश उद्या टिकेलच असे नाही.

कल्पकता कशाला म्हणावे?

अलीकडच्या काळात नवी साधने गावांपर्यंत पोहोचत आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला लोक 'पोकरा' म्हणून ओळखतात, जालना जिल्ह्याचा समावेश आहे. गावात पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांना किती हवा, ह्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने तयार झालेली संगणकीय पद्धत त्यात वापरली गेली. हवामानाचा अंदाज व पिकाचा सल्ला आता मोबाइलवर मराठीत मिळतो.

ह्या सर्वांत एक लहानसा प्रयोग विशेष विचार करण्याजोगा आहे. भोकरदन-जाफराबाद परिसरातील काही गावांत वॉटर संस्थेने ग्रामस्थांबरोबर गावशिवाराची उंचसखल प्रतिकृती तयार केली. त्यात डोंगर, ओढे आणि विहिरी तर होत्याच, पण जमिनीखालील खडकांचे थरही दाखविलेले होते. आपल्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीत एकाच थरातून पाणी येते, हे लोकांना त्यामुळे डोळ्यांनी पाहता आले. भूगर्भशास्त्राची व्याख्याने ऐकून जे उमगले नसते, ते प्रतिकृतीभोवती बसून बोलताना उमगते. ज्या गोष्टीवरून भांडण होऊ शकते, तीच गोष्ट मध्यभागी ठेवून लोकांना एकत्र बसविणे, ह्याला कल्पकता म्हणावे. नवे यंत्र शोधणाऱ्याची कल्पकता मोठी असतेच. ते यंत्र कोणाला दुबळे न करता कसे वापरावे, ह्याची रीत शोधणाऱ्याची कल्पकताही तितकीच मोलाची आहे.

ख्रिस्तसभा काय शिकविते?

पोप फ्रान्सिस ह्यांनी २४ मे २०१५ रोजी 'लाऊदातो सी' हे परिपत्रक दिले. त्यात ते विज्ञान व तंत्रज्ञानाचा तिरस्कार करीत नाहीत. ही देवाने मानवाला दिलेल्या सर्जनशीलतेची फळे आहेत, हे ते कृतज्ञतेने मान्य करतात. त्याचबरोबर, जे जे करणे शक्य आहे ते ते करावेच, आणि निसर्ग व माणसे ही केवळ वापरण्याची सामग्री आहे, ह्या मनोवृत्तीपासून ते आपल्याला सावध करतात. पिण्याचे सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे ह्या परिपत्रकात स्पष्टपणे म्हटले आहे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे एकत्रच ऐकले पाहिजेत, हा त्याचा गाभा होय. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दिलेल्या 'लाऊदाते देऊम' ह्या पत्रात त्यांनी हाच विषय अधिक तातडीने मांडला. पोप फ्रान्सिस २०२५ साली निवर्तले. त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे ह्यांनीही ही वाट सोडलेली नाही. सृष्टीच्या रक्षणासाठीचे नवे मिस्सा-प्रार्थनापाठ त्यांच्या कारकिर्दीत २०२५ साली प्रसिद्ध झाले आणि ९ जुलै २०२५ रोजी त्यांनी स्वतः ती मिस्सा अर्पण केली.

पवित्र शास्त्रात विहिरींची एक कथा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इसहाक दुष्काळाच्या दिवसांत गरार प्रदेशी राहतो. त्याच्या पित्याच्या, म्हणजे अब्राहामाच्या काळात खोदलेल्या विहिरी मत्सराने मातीने बुजविण्यात आल्या होत्या. इसहाक त्या पुन्हा उकरतो. त्याचे चाकर खोऱ्यात नवी विहीर खोदतात, तेव्हा तेथील गुराखी त्या पाण्यावर हक्क सांगून भांडतात. त्या विहिरीला इसहाक भांडणाचे नाव देतो. दुसरी विहीर खोदल्यावर पुन्हा कलह होतो, तिला तो वैराचे नाव देतो. तिसऱ्या विहिरीवर मात्र भांडण होत नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. आता सर्वांना पुरेशी जागा झाली, असे त्याला वाटते.

आपल्या शिवारांत आज भांडणाच्या विहिरी पुष्कळ आहेत. रहोबोथ मात्र शोधावा लागतो. इसहाकापुढे मोकळे खोरे होते. तो पुढे सरकू शकला. आपल्याला पुढे सरकण्यास जागा नाही, म्हणून जेथे आहोत तेथेच, शेजाऱ्यासह पुरेशी जागा निर्माण करावी लागेल. उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायात देव मानवाला बागेत ठेवतो, ते मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. मशागतीला अवजार लागते आणि राखणीला मर्यादेचे भान लागते. ह्यांपैकी एकच स्वीकारून चालणार नाही.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांजवळ जमीन नाही, किंवा असली तर थोडी व कोरडवाहू आहे. टंचाईच्या वर्षी ऊसतोडीला वा शहराकडे जावे लागते, मुलांची शाळा बुडते, वृद्ध मागे राहतात. म्हणून हवामानबदल हा आपल्यासाठी चर्चासत्राचा विषय नसून घरातील चुलीचा व हंड्याचा विषय आहे. ह्या दृष्टीने पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

पहिली गोष्ट ग्रामसभेची. पाण्याचे निर्णय तेथे होतात. आपण, विशेषतः आपल्या भगिनींनी, ग्रामसभेस उपस्थित राहावे. पावसाळा संपल्यावर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा, पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवावीत, असा आग्रह धरावा. भूमिहीनांच्या व गुराढोरांच्या पाण्याचा वाटा त्या ताळेबंदात लिहिलेला आहे की नाही, हे आपण विचारावे.

दुसरी गोष्ट छपरांची. शंभर चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६० हजार लिटर पाणी मिळते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ४८ हजार लिटर उरते. चर्च, शाळा, वसतिगृह व धर्मभगिनींचे मठ ह्यांच्या छपरांचे पाणी गाळून टाकीत साठविता येईल किंवा आवारातील विहिरीच्या पुनर्भरणासाठी वापरता येईल. हे काम पाहून शेजारची दहा घरे ते करतील.

तिसरी गोष्ट श्रमदानाची. उपवासकाळात आपण त्याग करतो. हा काळ उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, आणि चर खोदण्याची, जुन्या तलावातील गाळ काढण्याची वेळही तीच असते. जालना शहराजवळच्या घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी एकत्र येऊन जो पुढाकार घेतला, तो आपल्यासमोर आहे. गाळ काढल्याने तलावाची धारणक्षमता वाढते आणि तो गाळ शेतात टाकल्याने माती सुधारते. अशा कामात अन्य धर्मीय बांधवांसह खांद्याला खांदा लावून उभे राहणे ही मोठी साक्ष ठरेल. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर ह्या सृष्टीच्या काळात लावलेली झाडे पुढील उन्हाळ्यात जगली की नाही, ह्याची मोजणीही त्याच श्रद्धेने व्हावी.

चौथी गोष्ट तरुणांची. आपले अनेक युवक संगणक व मोबाइल सहज हाताळतात. गावातील विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून फलकावर लिहिणे, पर्जन्यमापक बसवून नोंद ठेवणे, हवामानाचा अंदाज वृद्ध शेतकऱ्यांना वाचून दाखविणे, हे त्यांना सहज जमेल. फलकावरील आकडा सर्वांना दिसू लागला, की उपशाबद्दल बोलणे सोपे होते. माहिती एकाच्या खिशात राहिली तर तिचा लाभ एकालाच होतो.

कर्बवायू वातावरणात सोडण्यात मराठवाड्यातील शेतमजुराचा वाटा नगण्य आहे, तरी त्याचे भोग त्याच्या वाट्याला पहिल्यांदा येतात. ह्या अन्यायाबद्दल श्रीमंत राष्ट्रांना व उद्योगांना जाब विचारणे योग्यच आहे. पण त्यांच्या उत्तराची वाट पाहत गावाने हात बांधून बसणे परवडणारे नाही. कडवंचीच्या डोंगरावरील पहिला चर खोदला गेला, तेव्हा हवामानबदल हा शब्दही गावात फारसा कोणी उच्चारीत नव्हते. एकमेकांवर विश्वास ठेवून लोकांनी काम सुरू केले, आणि सोळा वर्षांनी आलेल्या दुष्काळात ते काम उपयोगी पडले. आज आपण जे अडवू, मुरवू आणि वाटून घेऊ, ते ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांतील कित्येक जण अजून जन्माला यायचे आहेत.

सृष्टीच्या निर्मात्याने आपल्याला बुद्धी दिली आहे, हात दिले आहेत आणि शेजारी दिला आहे. ह्या तिन्ही देणग्या एकत्र वापरण्याची सुबुद्धी तो आपणांस देवो, हीच प्रार्थना.